तर, तम आणि विहीणबाई

इंग्रजांनी निम्म्या जगावर राज्य केलं, पण विहिणीसाठी शब्द काही त्यांना सुचला नाही. ‘मुलीच्या नवऱ्याची आई’ असा लांबचा वळसा घालून तिच्यापर्यंत पोचावं लागतं. इटालियनमध्ये शब्द आहे. कोन्सुओचेरा. वहीच्या पहिल्याच पानावर तो लिहिला तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, ही भाषा मला जमणार. जिथं विहिणीला स्वतंत्र शब्द आहे, तिथं रुसवेफुगवेही असणारच.

लेक वास्तुकला शिकायला मिलानला गेली आणि शिकून झाल्यावर तिथून तासाभरावरच्या बेर्गामोची सून झाली. जावई इंग्रजी बोलतो. मराठीतलं ‘बास’, ‘वाढू नका’ आणि ‘लोकल गेली’ एवढं त्याला अस्खलित येतं. कर्जतमध्ये तेवढ्यावर माणूस जन्म काढू शकतो. त्याच्या आईला मात्र इटालियनशिवाय काही येत नाही. त्या जुलैत कर्जतला यायच्या ठरल्या तेव्हा लेकीचा फोन आला, “आई, सात महिने आहेत हातात. तू थोडं शिकून घे, नाहीतर तुम्ही दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसत राहाल.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली. व्याकरणाला मी घाबरत नाही, व्याकरणच मला घाबरतं, असं आमच्या ह्यांचं मत आहे. हे रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, ती चालवण्यात ह्यांची नोकरी झाली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. “आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीला मागून ढकललं,” असं हे पाहुण्यांना सांगतात आणि सांगताना माझ्याकडे बघतात.

लिंग, वचन, क्रियापदं, सगळं पार पडलं आणि मार्चमध्ये मी तुलनेच्या धड्यावर येऊन थांबले. सुरुवात सोपी होती. ‘प्यू’ म्हणजे अधिक, ‘मेनो’ म्हणजे कमी. मारिया एस्ट प्यू आल्ता, असं काहीतरी मी आधी लिहिलं होतं. त्यातला ‘एस्ट’ लॅटिन निघाला, तो लेकीनं खोडला. मारिया ए प्यू आल्ता दि लुचिया. मारिया लुचियापेक्षा उंच आहे. ‘दि’ म्हणजे आपलं ‘पेक्षा’. मी म्हटलं, झालं, पुढचं पान. पुढच्या पानावर लुईजी होता. लुईजी ए प्यू फुर्बो के इंतेलिजेंते. लुईजी हुशारीपेक्षा लबाडीत पुढे. इथं ‘दि’ गेला आणि ‘के’ आला. का? तर मघाशी माणसं दोन होती आणि गुण एक. इथं माणूस एकच, आणि त्याचेच दोन गुण एकमेकांशी झुंजतायत. एकाची दुसऱ्याशी तुलना केली की ‘दि’. एकाच्याच दोन गोष्टी तोलल्या की ‘के’. दोन क्रिया तोलायच्या तरी ‘के’: खाण्यापेक्षा बोलणं सोपं. दोन वस्तूंचं प्रमाण सांगायचं तरी ‘के’: आमटीत डाळीपेक्षा पाणी जास्त.

मी वही मिटली. मराठीला एवढा हिशेब लागत नाही. आपल्याकडे ‘पेक्षा’ सगळीकडे चालतो, जुनी माणसं ‘-हून’ लावतात आणि कर्जतच्या बाजारात भाजीवाल्या मावशी ‘परीस’ म्हणतात: कालच्यापरीस आज स्वस्त. तीन शब्द, पण कामाची वाटणी नाही; जो हाताशी येईल तो. इटालियन माणूस तोंड उघडण्याआधी ठरवतो की आपण शेजाऱ्याबद्दल बोलणार आहोत की खुद्द त्याच्याबद्दलच. मला हा नियम व्याकरणाचा कमी आणि शिस्तीचा जास्त वाटला. (हे वाक्य इटालियनमध्ये केलं तर ‘के’ लागेल. आता कळलं.)

शाळेत मी हजारो प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले असतील. ‘अभ्यासापेक्षा खोड्यांत रस अधिक.’ हा शुद्ध ‘के’. पण आईबाप प्रगतिपुस्तक हातात घेऊन यायचे आणि पहिला प्रश्न असायचा, “त्या पाटलांच्या पोराचे किती?” म्हणजे ‘दि’. आमच्या तालुक्यात ‘के’ला कुणी विचारत नाही. पोरगं गणितापेक्षा चित्रात बरं आहे, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. पाटलांच्या पोरापेक्षा बरं आहे ना, एवढं सांगा.

त्यात ‘पेक्षा’ हा शब्दच पाहा. तो मूळचा ‘अपेक्षा’. बोलताना पुढचा ‘अ’ झिजला आणि उरलं पेक्षा. ‘अ’ गेला तरी अपेक्षा काही गेली नाही. माझ्या जाऊबाई खोपोलीला राहतात, त्यांच्या प्रत्येक वाक्यात ती असते. आमच्या खोपोलीत तुमच्या कर्जतपेक्षा पाऊस जास्त. आमच्याकडे तुमच्यापेक्षा वीज कमी जाते. जाणारच, १९१५ पासून टाटांचं वीजघर तिथं, घाटावरून पाण्याचे जाडजूड नळ खाली उतरलेले, मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. मी एवढंच म्हणते, “वहिनी, मुंबईहून थेट खोपोलीला लोकल कितीशा? बाकीच्या वेळी कर्जतलाच उतरायचं ना?” मग त्या पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशनं मोजत गप्प बसतात.

अनियमित रूपांनी तर घरात करमणूक झाली. ‘अधिक चांगलं’ याला इटालियनमध्ये क्रियाविशेषण म्हणून एकच शब्द आहे, ‘मेल्यो’. लिहितात वेगळं, म्हणतात मेल्यो. सकाळी ह्यांनी केलेला चहा बरा झाला, मी म्हटलं “मेल्यो!” तर हे कप ठेवून उठले. “चहा करून घालायचा आणि वर मेल्या म्हणून घ्यायचं?” आणि ‘अधिक वाईट’ म्हणजे ‘पेज्जो’. हा मात्र मला एका फटक्यात पाठ झाला. आमच्याकडे तब्येत जास्तच बिघडली की पेज देतात.

मग आलं ‘इस्सिमो’. अतिशय म्हणायचं असेल तर विशेषणाचं शेपूट तोडायचं आणि तिथं इस्सिमो जोडायचं. बेल्लो, बेल्लीस्सिमो. बुओनो, बुओनीस्सिमो. हे आपल्या ‘तम’च्याच गोतातलं. संस्कृतात प्रिय, प्रियतर, प्रियतम. लॅटिनमधला ऑप्टिमस आपल्या ‘तम’चाच लांबचा भाऊ. त्या तर आणि तमपासूनच मराठीत ‘तारतम्य’ आलं. जास्त कुठं, फार कुठं आणि पुरे कुठं हे ज्याला कळतं त्याला तारतम्य आहे असं आपण म्हणतो. अक्कल या गोष्टीला थेट व्याकरणातून नाव देणारी भाषा माझी आहे, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, इटालियन शिकताना कळलं. विद्यार्थ्यांची क्षमा मागते.

पण बोलताना आपण तम लावतो का? नाही. मराठीनं विशेषणांची लग्नं लावून दिली आहेत. काळ्याला कुट्ट, लालला भडक, पिवळ्याला धमक, हिरव्याला गार, पांढऱ्याला शुभ्र, गोडाला मिट्ट, कडूला जहर. जोड्या ठरलेल्या. कुणी ‘काळाभडक’ म्हणून पाहावं, वर्गातलं पहिलीचं पोरसुद्धा हसेल. थंड आणि हिरवा या दोघांनी एकच ‘गार’ केला, त्याबद्दल मी काही बोलत नाही. इटालियनचा इस्सिमो म्हणजे रेशनचा तांदूळ, सगळ्यांना सारखा. पण लेक म्हणाली, “थांब, आमच्याकडेही काही जोड्या आहेत.” स्तांको मोर्तो: थकलेला, मेलेला. प्येनो त्सेप्पो: भरलेला, ठासलेला, हा मी सकाळच्या सात वाजताच्या कर्जत लोकलसाठी राखून ठेवला. आणि बान्यातो फ्रादिचो. बान्यातो म्हणजे भिजलेला, फ्रादिचो म्हणजे भिजून कुजायला आलेला. ओलाचिंब. जुलैत येणाऱ्या बाईसाठी मला व्याकरणातलं एवढं एकच पुरलं असतं.

उपमा तेवढ्या जमल्या नाहीत. चांगल्या माणसाला ते ‘पावासारखा चांगला’ म्हणतात; आमच्याकडे पाव चांगला की वाईट हे आतल्या वड्यावर असतं. निरोगी माणूस म्हणजे ‘माशासारखा ठणठणीत’. कर्जतच्या बाजारात मासा येतो तोवर त्याची तब्येत कायमची निकालात निघालेली असते. आम्ही कल्ले उचलून बघतो ते फक्त कधी, एवढं कळायला.

विहीणबाई आल्या. बासष्ट वर्षांच्या, काटक, पायात डोंगर चढायचे बूट. स्टेशनातून रिक्षापर्यंत वीस पावलं, तेवढ्यात छत्री उलटी झाली. मी इतके दिवस जपलेलं वाक्य बाहेर काढलं: “बान्याते फ्रादिचे!” स्त्रीलिंग, अनेकवचन, दोन्ही शेपटं बरोबर. त्यांनी मला भर पावसात मिठी मारली. ह्यांनी छत्री सरळ केली आणि म्हणाले, पहिली गाडी घाट चढली.

स्टेशनवर उतरलेला माणूस दिवाडकरांचा बटाटावडा खाल्ल्याशिवाय घरी नेत नाहीत. विहीणबाईंनी वडा खाल्ला, हिरवी मिरची बाजूला ठेवली, मग उचलली, खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, “बुओनीस्सिमो!” मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी मोदक केले. उकड माझ्या हातची, पहाटे उठून खवलेला नारळ, एकेका मोदकाला पंधरा-सोळा कळ्या. तूप सोडून पान पुढं केलं. विहीणबाईंनी एक मोदक खाल्ला. डोळे मिटले. “स्क्विझीतो,” म्हणाल्या.

एवढंच. इस्सिमो नाही.

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. स्टेशनवरच्या वड्याला इस्सिमो आणि घरच्या मोदकाला नुसतं स्क्विझीतो. हे हळूच आत येऊन म्हणाले, “स्क्वीझ म्हणजे इंग्रजीत पिळणं ना? कळ्या जरा पिळल्यासारख्या झाल्या होत्या, तेच म्हणाली असेल.” त्या दिवशी ह्यांना रात्री पेज मिळाली.

दोन दिवस मी विहीणबाईंशी अगदी शुद्ध आणि अगदी थोडं बोलले. तिसऱ्या दिवशी आम्ही खोपोलीला गेलो. जाऊबाईंनी अळूवड्या केल्या होत्या, आणि त्यांना इस्सिमो मिळालं. दोनदा. जाऊबाईंना इटालियन येत नाही, पण शेपूट लांब आहे हे कुणालाही ऐकू येतं. “तुझ्या मोदकांना काय म्हणाल्या गं?” त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं. मी म्हटलं, “वहिनी, त्या मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या आहेत.”

परतताना खोपोली-कर्जत गाडीत मी विहीणबाईंना खोपोली आणि कर्जत हे प्रकरण समजावलं. त्यांना ते लगेच कळलं. बेर्गामोच्या शेजारी ब्रेश्या नावाचं शहर आहे. दोघांचं शतकानुशतकं जमत नाही. २०२३ साली इटलीनं दोघांना मिळून एकत्रच ‘संस्कृतीची राजधानी’ केलं, पण विहीणबाईंच्या मते ब्रेश्याला ती जागा केवळ शेजार चांगला म्हणून मिळाली. कासोन्चेल्ली नावाची भरलेली करंजीसारखी पास्ता दोन्हीकडे करतात आणि खरी आपलीच असं दोन्हीकडे सांगतात. आपल्या गावाच्या घंटेच्या मनोऱ्याखाली जे जे आहे ते सगळं जगात श्रेष्ठ, या वृत्तीला त्यांच्याकडे काम्पानिलीस्मो असा शब्दच आहे. मला बाईंचा एकदम आपलेपणा वाटला, तरीपण मोदक आठवले आणि मी खिडकीबाहेर बघू लागले.

ह्यांनी मात्र घरी आल्यावर वेगळीच तुलना काढली. बेर्गामोचं जुनं गाव टेकडीवर आहे आणि वर जायला दोरखंडानं ओढली जाणारी रेल्वे आहे, १८८७ सालची. नेरळ-माथेरान १९०७ ची. “वीस वर्षांनी त्यांची मोठी,” हे म्हणाले, “पण आमची स्वतःच्या पायानं चढते.” बाई हसल्या. मी भाषांतर करताना ‘दि’ लावला की ‘के’ हे मला अजून आठवत नाही.

रात्री लेकीचा फोन आला. मी न राहवून विचारलंच, “तुझ्या सासूबाईंना मोदक आवडले नाहीत का गं? नुसतं स्क्विझीतो म्हणाल्या.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसणं. “आई, स्क्विझीतो म्हणजे काय माहितेय? अप्रतिम. त्याला इस्सिमो सहसा लावतच नाहीत. तो आधीच शिखरावर आहे, वर जायला जागाच नाही. आपण ‘अप्रतिमतम’ म्हणतो का?”

मी फोन ठेवला. ‘सर्वोत्तम’ला पुन्हा ‘सर्वात’ लावू नये म्हणून मी एकतीस वर्षं पोरांच्या वह्या लाल केल्या होत्या. (हल्लीच्या बॅनरांवर ‘सर्वोत्कृष्टतम’ लिहितात, त्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा फोटो पाहून मी तो माफ करते.) आणि तीच मी एका शेपटासाठी दोन दिवस रुसले. सकाळी उठल्याबरोबर मी पहिला फोन खोपोलीला केला. जाऊबाईंना व्याकरण समजावून सांगायला पाऊण तास लागला. मला घाई नव्हती.

त्या आनंदात मी विहीणबाईंना एक गोष्ट सांगितली, ती त्यांना ठाऊक नव्हती. मराठीचं जे पहिलं छापील व्याकरण, ते मुंबईत छापलेलं नाही, पुण्यातही नाही. ते १७७८ साली रोममध्ये छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत, मिशनऱ्यांसाठी. निजामशहा आणि आदिलशहाच्या मुलुखात चालणारी साधी मराठी, असं त्याच्या नावातच म्हटलं होतं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं ते १८३६ साली. म्हणजे आमच्या भाषेचे नियम तुमच्या राजधानीनं आमच्या आधी छापले. “रोम?” विहीणबाई म्हणाल्या आणि खांदे उडवले. बेर्गामोत छापलं असतं तर त्यांना अभिमान वाटला असता.

जायच्या दोन दिवस आधी आम्ही कडावच्या वाटेला ह्यांच्या चुलत्यांच्या शेतावर गेलो. लावणी चालू होती. खाचरात गुडघाभर चिखल, ओळीनं वाकलेल्या बायका, डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद. मी बांधावरून माहिती देत होते. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या वाणांना कर्जत-३, कर्जत-७ अशी नावं. ह्यांच्या मते सातवा हा तिसऱ्यापेक्षा चार आकड्यांनी चांगला असलाच पाहिजे. विहीणबाई ऐकतच नव्हत्या. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत त्या खाचरात उतरल्या.

त्यांची आई मोन्दीना होती. इटलीत वेर्चेल्ली आणि नोवाराकडे भातशेती आहे, आणि एके काळी गावोगावच्या बायका उन्हाळ्यात आगगाडीनं तिकडं जायच्या, दिवसच्या दिवस पाण्यात वाकून रोपं लावायच्या, तण काढायच्या. आईनं हे अंगणातल्या वाफ्यात शिकवलं होतं. रोपांची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सुट्या, मुळाशी धरून टचकन चिखलात, पाय मागे. एक ओळ, दुसरी ओळ. रेषा अशी सरळ की मी फळ्यावर कधी काढली नव्हती.

बायकांनी हात थांबवले. एकीनं मला हाक मारली, “बाई, तुमी पन उतरा की!” विहीण चिखलात आणि आपण बांधावर, हे मलाही बरं दिसेना. मी साडी खोचली आणि उतरले. आयुष्य याच तालुक्यात गेलं, भात रोज दोन वेळा खाल्ला. रोप हातात धरलं ते पहिल्यांदा. माझी पहिली जुडी लावून मी मागे पाय घेतला तेव्हा तीन रोपं पाण्यावर आडवी होऊन तरंगू लागली. चौथं माझ्या पायाखाली होतं.

मघाची ती बाई कमरेवर हात ठेवून दोन्ही ओळी पाहत उभी राहिली. मग तिनं निकाल दिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“बाई, तुमच्या इहिनीचा हात तुमच्यापरीस बरा हाय!”

पुऱ्या खाचरात हशा पिकला. हे बांधावरून सर्वांत मोठ्यानं हसले. विहीणबाईंनी मान वर केली आणि उत्सुकतेनं मला विचारलं, काय म्हणाली?

दोन माणसं, एक गुण. म्हणजे ‘दि’. मेल्यो दि मे. सात महिन्यांत मी जे जे शिकले ते सगळं त्या तीन शब्दांत मावत होतं, आणि ते तिन्ही शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी पदरानं कपाळ पुसलं.

“दीचे के प्योवे सेम्प्रे दि प्यू,” मी म्हटलं. ती म्हणतेय, पाऊस वाढतच चाललाय.

विहीणबाईंनी आभाळाकडे पाहिलं. ऊन पडलं होतं.